झरोक्याचा कागद

लोणावळा, २१ मे

प्रिय अतुल,

परवा तू फोनवर चिडलास आणि मी तुझं बोलणं पुरं व्हायच्या आत फोन ठेवला. "ताई, माळ्यावर धूळ खात पडलेला गीझर तो, त्याच्यात एवढा काय जीव अडकलाय तुझा?" हे तुझं वाक्य दोन दिवस कानात आहे. बाहेरच्या कुणालाही तुझंच पटेल. बहिणीने फ्रिज दिला, पंखे दिले आणि एका जुन्या गॅस गीझरवरून अडून बसली. मी पत्र लिहितेय याचंही तुला हसू येईल. शाळेत तुझे निबंध मी लिहून द्यायचे, त्यानंतर एवढं सलग काही लिहिलेलं नाही. पण ही गोष्ट फोनवर सांगायची नाही, असं मी ठरवलंय. फोनवर या तोंडातून एक शब्द निघतो आणि त्या कानात भलताच पोचतो. तो अनुभव मी घेतलाय.

आधी सामानाचं सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. फ्रिज उद्या टेम्पोने येतोय. दाराचं रबर ढिलं झालंय, ते बदलून घे, नाहीतर भाडेकरू रोज नासलेलं दूध घेऊन तुझ्या दारात उभे राहतील. पंखे दोन आहेत. त्यातल्या एकाला काठीने ढकलल्याशिवाय फिरायचं सुचत नाही, त्याचं काय ते इलेक्ट्रिशियनला दाखव. वॉशिंग मशीन मात्र पाठवत नाही. ओला हात लागला की झिणझिण्या येतात त्याला. आम्ही इतकी वर्षं पायात चप्पल घालून कपडे धुतले आणि त्यात काही वावगं आहे असं आम्हाला वाटलंसुद्धा नाही. आपलं घरच तसं. आबा म्हणायचे ना, "चालतंय न्हवं? मग टाकायचं न्हाई." त्यांचा रेडिओ दोन चापट्या खाल्ल्याशिवाय बोलायचा नाही, तरी तो शेवटपर्यंत 'चालू' होता. आपल्याकडे वस्तू कधी बिघडतच नाही, आपण तिच्या कलाने घेतो. पण घरच्यांना तिची खोड माहीत असते. भाडेकरूला ती कोण सांगणार?

नवलाख उंबरे गावातल्या घरावर तू दोन खोल्या चढवल्यास, तेव्हा मला झालेला आनंद तू बघितलायस. एक तारखेला तुझ्याच कंपनीतला गौरव राहायला येणार, त्याच्या बायकोला सातवा महिना आहे, तिला गरम पाणी लागेल, इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग म्हणालास, तुझा गीझर नाही दिलास तर तळेगावातून कुणाचा तरी जुना आणून बसवतो, भाडेकरूंसाठी नवा कोण घेतो? आणि वर हेही सांगितलंस, की बाथरूमचा झरोका पश्चिमेला आलाय, पावसाची झड आत येते, म्हणून त्यावर कागद ठोकून टाकणार आहेस. तिथे मी फोन ठेवला. रागाने नाही रे, भीतीने.

आत्ता लिहितानाही समोरच्या बंगल्यावर माणसं कागद ठोकतायत. मृग जवळ आला की लोणावळ्यात दुसरा आवाज नसतो. खिडक्यांना, गॅलऱ्यांना, झरोक्यांना निळे-काळे प्लास्टिकचे कागद बांधायचे, पट्ट्या मारायच्या आणि दसऱ्यापर्यंत घर गुंडाळून ठेवायचं. बाहेरगावचा माणूस याला ताडपत्री म्हणेल, प्लास्टिक म्हणेल. आपण नुसतं कागद म्हणतो. लहानपणापासून म्हणत आलो. त्या शब्दात दुसरं काही असू शकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

राजेश्वरी तुला आठवते. आठवत नाही असं होणारच नाही, तू तेव्हा कंपनीच्या बोलावण्याची वाट बघत आमच्याकडेच राहत होतास. या जुलैत सहा वर्षं होतील. कामशेतजवळच्या वडिवळ्याची मुलगी, खंडाळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर लागलेली, रोज कामशेतहून येणं-जाणं जमेना म्हणून आमच्या मागच्या दोन खोल्या तिने घेतल्या. त्याच सुमारास आम्ही वर सोलर बसवलं होतं आणि जुना गॅस गीझर काढून ठेवला होता. तो मागच्या बाथरूममध्ये लावायचा की नाही, यावर तुझे दाजी आणि मी एक अख्खी संध्याकाळ बोललो होतो. ते म्हणाले, भाडेकरूला काय, गरम पाणी मिळाल्याशी कारण. त्याची ज्योत पिवळी झाली होती आणि भिंतीवर काजळी धरत होती, ते मला दिसत होतं. त्याच्याही पुढचं सांगते. आदल्या थंडीत त्याच गीझरखाली केस धुताना मला एकदा भोवळ आली होती. मी उंबऱ्यावर येऊन बसले, गार वारा लागला, बरं वाटलं. उपाशी होते म्हणून झालं असेल, असं म्हणून मी पोहे खाल्ले आणि विसरून गेले. म्हणजे विसरले असं ठरवलं. शेवटी "लावा" म्हणाले ती मीच. तुझ्या दाजींनी फक्त माणूस बोलावला.

लावणारा माणूस जाता जाता सांगून गेला होता, की या खोलीचा झरोका उघडा ठेवा, गॅसचं यंत्र आहे. तो झरोका मागच्या भिंतीला उंचावर, आणि त्याला दर वर्षीसारखा मे महिन्यातच बाहेरून कागद ठोकलेला. म्हटलं, ती यायच्या आधी काढू. तेवढ्यात माझ्या सासूबाईंना पुण्याला दवाखान्यात ठेवलं आणि आम्ही दोघं तिकडे अडकलो. राजेश्वरी येण्याच्या आदल्या दिवशी मला ते आठवलं. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी घरी फोन केला. इकडे धो धो पाऊस, तिकडेही तोच आवाज. "मागच्या खोलीचा कागद काढला का? उद्या ती येतेय," एवढंच विचारलं. "काढला, ताई, सगळं झालंय," असं उत्तर आलं. माझं समाधान झालं. परत आल्यावर मागे जाऊन बघायला हवं होतं, पण मागच्या बाजूला घोट्याएवढं पाणी आणि शेवाळ, शिवाय काढलाय म्हटल्यावर बघायचं काय?

चार-पाच दिवसांनी ती मला अंगणात भेटली. ओल्या केसांचा टॉवेल सोडत म्हणाली, "ताई, आंघोळ केली की डोकं लय जड होतंय. हितली हवा मानवत न्हाई वाटतं." अतुल, हे वाक्य मी सहा वर्षं रोज ऐकते. मी तिला काय सांगितलं असेल? "रिकाम्या पोटी आंघोळ करत जाऊ नकोस, चहा-बिस्किट खाऊन घेत जा." मला स्वतःला आलेली भोवळ, ती पिवळी ज्योत, सगळं त्या क्षणी माझ्या मनात उभं राहिलं होतं. मी ते बाजूला सारलं. झरोका उघडा आहे ना, मग कसली काळजी, असं स्वतःला सांगितलं. ती हसून गेली. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासाठी तिच्या हॉटेलातली दोन पेस्ट्री आणल्या होत्या, एक तू खाल्लीस.

अकराव्या दिवशी, गुरुवारी, तिची सकाळची ड्युटी होती. पाण्याचा आवाज थांबेना म्हणून मी दार वाजवलं. पुढचं तुला माहीत आहे, तुझ्या दाजींनी खांद्याने दार तोडलं तेव्हा तू हॉटेलवाल्यांना फोन करायला रस्त्यावर पळाला होतास. मी आत गेले. गीझर तसाच पेटलेला होता. खोलीत वाफ होती आणि ती जमिनीवर बसल्यासारखी पडली होती, डोकं बादलीला टेकवून. शांत. मी वर झरोक्याकडे बघितलं आणि मला निळा उजेड दिसला.

तिला गाडीत घालून तुम्ही दोघं पुढे गेलात. मी मागून येते म्हणाले. मी आलेच नाही लगेच. मी शेवाळातून मागच्या भिंतीशी गेले, प्लास्टिकच्या ड्रमवर चढले आणि तो कागद विळ्याने कापून काढला. मग दवाखान्यात पोचले. पाठोपाठ वडिवळ्याहून तिची आई, बयाबाई, आल्या आणि डॉक्टर त्यांना विचारू लागले की हिला आधी कधी फिट आली होती का. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, व्हय, लहानपणी तापात एकदा आली होती. तेवढ्यावर सगळं मिटलं. बयाबाईंना पोस्टमॉर्टेम नको होतं, लेकीला त्यांना अख्खी घरी न्यायची होती. डॉक्टरांनी माझ्याकडेही बघितलं होतं. बाथरूममध्ये हवा खेळती आहे का, असं त्यांनी विचारलं, आणि मी म्हणाले, हो, झरोका उघडाच आहे. त्या घडीला तो खरंच उघडा होता.

तो गीझर मी भंगारात दिला नाही, कारण भंगारवाल्याने तो दुरुस्त करून कुणाला तरी विकलाच असता. मोडलाही नाही, तुझ्या दाजींनी कारण विचारलं असतं. त्याच कागदात गुंडाळून माळ्यावर टाकला. तेव्हापासून दर भातकापणीनंतर बयाबाई वडिवळ्याहून नवे इंद्रायणी तांदूळ पाठवतात. एकदा स्वतः घेऊन आल्या आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "बाई, तुमी माझ्या लेकीसाठी लय केलंत." त्या तांदळाचा भात घरभर वास सुटेल असा होतो. तुझे दाजी दुसऱ्यांदा वाढून घेतात, मी पोळीवर भागवते. मला भात पचत नाही, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय.

काल मी तो गीझर खाली काढला आणि अंगणात नेऊन हातोडीने ठेचला. शेजारच्या धोंडाबाई कुंपणावरून म्हणाल्या, चांगली वस्तू कशापायी मोडताय? मी हातोडी चालवत राहिले. कागद मात्र घडी करून ठेवलाय. रविवारी वडिवळ्याला जाणार आहे, तेव्हा तो पिशवीत घेईन, बयाबाईंच्या समोर उलगडेन आणि काय झालं ते सांगेन. त्या मला काय करतील ते करोत. पोलिसांत जा म्हणाल्या तर जाईन. तुझ्या दाजींना शनिवारी सांगते. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे, त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

आता शेवटचं, आणि हे पत्र मी त्यासाठीच लिहायला घेतलं. सहा वर्षं लिहिलं नाही, पुढेही लिहिणार नव्हते, तू त्या झरोक्यावर कागद ठोकणार म्हणालास म्हणून लिहावं लागतंय. दवाखान्याच्या जिन्यातून मी केलेला तो फोन तू उचलला होतास. "काढला, ताई" हे तुझे शब्द. तू खोटं बोलला नव्हतास. मी पुण्याहून परतले, तेव्हा टेबलावर मागच्या खोल्यांच्या भाडेकराराचे कागद नीट पिशवीत घालून ठेवलेले होते, तू दिवसभर रांगेत उभा राहून ते काढून आणले होतेस आणि शाबासकीची वाट बघत होतास. मी शाबासकी दिलीही. तुला वाटलं मी तेच कागद विचारले, आणि मला वाटलं तू तोच कागद काढलास. गुरुवारी तो निळा उजेड दिसला, त्या क्षणी मला ते कळलं. तुझं कंपनीचं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं, नोकरीसाठी तुझी पोलीस पडताळणी व्हायची होती, म्हणून मी विळा घेऊन मागे गेले. दोष तुझा नाही, अतुल. गीझर लावा म्हणाले ती मी, तिचं डोकं जड होतंय हे ऐकून चहा-बिस्किट सुचवलं ती मी. बयाबाईंसमोर तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. पण तुला माहीत असायला हवं, नाहीतर 'चालतंय न्हवं' म्हणत तू हेच पुन्हा करशील, आणि या वेळी त्या दाराआड दोन जीव असतील. हे पत्र फ्रिजच्या भाजीच्या ट्रेमध्ये ठेवतेय. फोनवर मी फक्त 'ट्रे उघड' एवढंच म्हणेन. जुना गीझर कुठलाच आणू नकोस, गौरवच्या बायकोला चुलीवर पाणी तापवून दे, नाहीतर मी येऊन देईन. आणि कागद काढ. कुठला ते या वेळी लिहून देते: बाथरूमच्या झरोक्याचा. ठोकला असशील तर हे वाचून झाल्या झाल्या वर जा, स्वतःच्या हाताने काढ, आणि हात बाहेर घालून वारा लागतोय का ते बघ.

तुझीच,
सविताताई