अकरा ओले फोटो

४ फेब्रुवारी

बाथरूमच्या खिडकीला काळा कागद चिकटवला. चिरंजीव म्हणाले, "आई, या वयात काय लपवतेस?" भिंगरी म्हणाली, "तुझ्या आईचं वयच लपवतोय. बाहेर हो!"

पंचेचाळीस वर्षांपूर्वी कॉन्व्हेंटच्या कपाटातून शर्यतीचा चांदीचा कप नाहीसा झाला — माझं नाव कोरलेला! किल्ल्या दोनच. एक ड्रॉइंगच्या मास्तरांकडे, एक शिपाईकाकांकडे. भिंगरी काकांची मुलगी, माझ्या बाकावरची. काकांची नोकरी गेली, शाळेमागची खोलीही गेली. आता ते अंथरुणाला खिळलेत. डॉक्टरांनी हात टेकले. भिंगरीला एवढंच हवंय — बाबा चोर म्हणून जाऊ नयेत.

७ फेब्रुवारी

मास्तरांची बाजू भलतीच भक्कम. कप गेला त्या चाळीस मिनिटांत ते जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत फोटो छापत होते. दारावर लाल दिवा — दार उघडायची मदरचीही छाती नव्हती. मदरनी कोरे कागद मोजून दिले होते, अकरा. प्रार्थनेच्या घंटेला दोरीवर अकरा ओले फोटो! मास्तर सुटले. काकांच्या बाजूने बोलायला फोटो नव्हते.

हे काम लवकर उरकून मास्तर सटकू शकले असते का? ते जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हा विचारायची सोय नाही. करूनच बघायचं.

९ फेब्रुवारी

भंगारवाल्याकडून फोटो मोठे करायचं यंत्र आणलं. चाळीस मिनिटांत तीन फोटो. दोन काळे ठिक्कर, तिसऱ्यात माझा अंगठा. बाहेर सूनबाई दार बडवतायत, आत भिंगरी हसता हसता बादलीत बसली. तशीच हसायची, प्रार्थनेत. शिक्षा दोघींना.

१० फेब्रुवारी

काका म्हणतात, "जाऊ द्या गं पोरींनो." साठीच्या पोरी!

१३ फेब्रुवारी

निवृत्त स्टुडिओवाल्यांना गळ घातली. सगळी हयात याच कामात गेलेला माणूस. ते आत, मी दाराबाहेर घड्याळ घेऊन. भिंगरी घरी — काकांना धाप लागलीय.

अकरा फोटो. एकोणचाळीस मिनिटं. घामाघूम होऊन बाहेर आले. "याहून लवकर माझ्या बापालाही जमलं नसतं, बाई."

म्हणजे मास्तर खरंच आत होते. म्हणजे काका —

फोन लावला. "चोवीस मिनिटं! मास्तरांना सोळा मिनिटं मोकळी होती!" पलीकडे भिंगरी हमसून हमसून रडायला लागली.

स्टुडिओवाले टॉवेलला हात पुसत म्हणाले, "घड्याळ दुरुस्तीला टाका."

मदर असत्या तर गुडघ्यांवर उभं केलं असतं. मास्तर, माफ करा. मी काढलेली वाकडी फुलदाणीसुद्धा तुम्ही वर्गाच्या भिंतीवर लावली होती. पण तुम्हाला आता काय फरक पडतो? काकांना पडतो.

१४ फेब्रुवारी

भिंगरी सकाळीच आली. चहा नको म्हणाली.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठून बसले म्हणे. "मास्तरांना यात ओढू नका. देवमाणूस होता. कप मी शाळेच्या पाण्याच्या टाकीत टाकला. शर्यत माझ्या पोरीने जिंकली होती, आणि नाव कोरलं दुसरीचं."

मग तिने मला विचारलं, "मदर तर म्हणाल्या होत्या, तू पुढे होतीस. जिंकले होते मी?"

हो. दोन पावलांनी.