आमदार सुतकाच्या घरात ‘येतो’ म्हणाले

प्रिय वेणू,

चौथी शिकलेला माणूस मी, चिठ्ठी लिहायची सवय नाही. पण आज आमदार आपल्या घरी येऊन गेले आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

आपल्या वस्तीचा मसणवटीचा अडवलेला रस्ता मोकळा करा, एवढंच मागायला तुम्ही बाया तालुक्याला मोर्चा घेऊन गेला होतात. मी टोकलं, "कंबर धरून चालते, अन् निंगाली मोठी लीडर!" तू काय म्हणालीस? "मंग तुमाले मेल्यावर धुऱ्यावरून नेऊ काय?"

चौकात रस्ता अडवणाऱ्यांची काठ्या घेतलेली माणसं तुमच्यावर तुटून पडली. तुझ्या डोक्यात घाव बसला. अकोल्याच्या दवाखान्यातून तू आलीस ती पांढऱ्या कापडात! आणि तुलाच त्या धुऱ्यावरून, शेताच्या अरुंद बांधावरून, न्यावं लागलं गं. चिखलात तिरडी कलली की मी ओरडायचो, "जपून रे, तिची कंबर दुखते!"

आमदार टीव्हीवर म्हणाले, "धक्काबुक्कीत एक म्हातारी पडली. दोन्ही बाजूंनी सबुरी ठेवावी." कुठल्या दोन बाजू? तुमच्या हातात तर नुसते फलक होते!

आज कॅमेरेवाले घेऊन ते सतरंजीवर बसले. कानाशी लागून म्हणाले, "काका, तुमी बी तेच म्हना, पाय घसरला. शांतता राहीन. रस्त्याचं मी पाहतो." मी सतरंजीची मुडपलेली कड सरळ करत बसलो. भ्यालो मी. आपली सुनीता उद्या पुन्हा मोर्चाला निघाली आहे. तिला काही झालं तर?

निघताना त्यांनी हात जोडले, "येतो काका!" सुतकाच्या घरातून निघताना असं म्हणतात का कोणी? शेजारची गंगूबाई म्हणाली, "मतं मागू मागू जिभेले वळनच पडलं त्याच्या!" सगळे हसले. मला हसू आलं नाही. आता कोणाच्या सुतकाला येणार हा?

सुनीताला अडवायला उठलो. ती अंगणात तुझी चप्पल धूत बसली होती, चौकात सापडलेली. मान वर न करता तिनं विचारलं, "आई घसरून पडली काय गा, बाबा?"

"नाही बाई," मी म्हणालो. "मारली तिले."

तूच का गेलीस पुढे? मागे राहिली असतीस तर! जाऊ दे.

उद्या मी तिच्याबरोबर जातो. कॅमेऱ्यापुढे हेच बोलेन. आणि आमदार येतो म्हणालेत ना? येऊ दे. सतरंजी टाकणार नाही. हाताला धरून त्याच धुऱ्यावरून त्यांना तुझ्यापर्यंत चालवत आणीन.

तू कधी नाव घेतलं नाहीस, म्हणून मीही लिहीत नाही,
सुनीताचा बाप