दाताखालची तूर

मामंजी, तुम्ही माझे दात कधी पाहिले नाहीत. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तुम्ही जाईपर्यंत मी तुमच्यासमोर हसले नाही, जेवले नाही, घोटभर पाणी प्यायचं झालं तरी भिंतीकडं तोंड करून प्यायले. आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याच मी सोलापूर, बार्शी आणि हैदराबादच्या व्यापाऱ्यांसमोर मास्क खाली ओढून, तोंड फोनजवळ नेऊन, कच्च्या तुरी कटाकटा चावल्या. एकदा चुकून नव्हे, पोत्यामागून पोतं. त्यावर आपलं दुकान तरलं. सगळं जग तोंड झाकून बसलं होतं तेव्हा मी माझं उघडलं. इतके दिवस झाले तरी आठवलं की अंगावर सर्रकन काटा येतो. तो लाजेचा म्हणावा तर लाज वाटत नाही, आणि अभिमानाचा म्हणावा तर तसाही नाही.

तुम्ही गेलात तेव्हा कळंबात मोबाइल नुकते दिसायला लागले होते, म्हणून आधी सांगते. आता फोनमध्ये माणसाचा चेहरा दिसतो. तो हैदराबादला, आपण इथं, पण दोघं समोरासमोर बसल्यासारखं बोलतात. एकाच वेळी चारपाच जण येतात, ज्याचा त्याचा चौकोन. तुम्ही म्हणाला असता, माल हातात नसताना कसला आलाय सौदा. पहिल्या टाळेबंदीत मोंढ्यातले, धान्यबाजारातले सगळे तेच म्हणत होते. ह्यांनीही नुसता फोन लावून बघितला होता. समोरून एकच उत्तर यायचं, बाजार उघडला की येतो, माल बघतो, मग बोलू. पहिल्या वर्षी कसंबसं निभावलं. दुसऱ्या वर्षी गोदाम तुरीनं छतापर्यंत भरलेलं, उन्हाळा सरत आलेला, आणि ह्यांना ताप आला. दोन दिवस घरातच काढे झाले. तिसऱ्या दिवशी धाप लागली. अँब्युलन्स आली ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली, हे आपल्या पायानं चालत गेले, मागं वळून एवढंच म्हणाले, "पावसाच्या आधी गोदाम मोकळं व्हायला पाहिजे. भुंगा लागला तर भुसा उरंल." स्वतःच्या छातीचं काही नाही, गोदामाचंच. अगदी तुमचा मुलगा.

तुमची नात त्या वेळी घरीच होती. तिची पुण्याची कंपनी, पण पुण्याचं ऑफिस बंद करून सगळ्यांना घरून काम करायला सांगितलेलं. स्वयंपाकघरात फळीवर लॅपटॉप ठेवून ती दिवसभर कुठल्या कुठल्या माणसांशी इंग्रजीत बोलायची आणि मी तिच्या मागून खरकटी भांडी घेऊन वाकून जायची, दिसू नये म्हणून. कंपनी काही बुडाली नाही, उलट तिची पगारवाढ झाली. मला वाटायचं, हे शिकल्यासवरल्यांचं काम, हवेतलं. तीच म्हणाली, "आई, बाबांच्या व्यापाऱ्यांची मीटिंग लावू या. माल कॅमेऱ्यात दाखवू." मी म्हटलं, कोण दाखवणार? ती माझ्याकडं बघत राहिली. मुनीम गावाकडं अडकलेला, हमाल बोलायला लाजणारे. मी तर पुढच्या खोलीत, जिथं गादीवर बसून सौदे होतात तिथं, दिवाळीच्या पूजेपुरती जाणारी बाई. तुम्हाला आठवतं का, माझ्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी आत कशावरून तरी मोठ्यानं हसले होते, आणि पुढं गादीवर माणसं बसली होती. तुम्ही नुसते खाकरलात. संध्याकाळी सासूबाई येऊन म्हणाल्या, "मामंजी म्हणतेत, आतला आवाज भाईर येऊ द्यायचा न्हाय." तेव्हापासून मधल्या दाराच्या पडद्यापलीकडं माझा आवाज गेला नाही. निदान मला तसंच वाटत होतं.

मीटिंगच्या दिवशी गोदामात बारदानांच्या थप्पीवर फोन उभा केला. मी डोक्यावरून पदर, तोंडाला मास्क, फक्त डोळे उघडे. एकेक चौकोन उघडत गेला. तुमचे जुने दोस्त सोलापूरचे काका, त्यांचं फक्त कपाळ आणि वर फिरणारा पंखा दिसत होता. बार्शीवाले उघड्या अंगानं पलंगावर. हैदराबादचे शेठ घरात एकटेच असूनही मास्क लावून. मी पोत्यात सळई खुपसून मूठभर तूर काढली, तळहातावर पसरून फोनसमोर धरली. काका म्हणाले, "सूनबाई, दिसती झकास. पण दिसन्यावर काय हाय? दाताखाली धरल्याबिगर म्या माल घेत न्हाय. तुमच्या सासऱ्याकडनं बी कधी घेतला न्हाय." मला वाटलं, संपलं. तेवढ्यात तुमची नात फोनमागून म्हणाली, "मग आई चावेल. तुम्ही ऐका."

मामंजी, मी तिला डोळ्यांनीच खाऊन टाकलं असतं. पण दवाखान्यातून सकाळीच ह्यांचा फोन आला होता, एक वाक्य बोलायला तीन वेळा थांबले होते, आणि त्या वाक्यातही गोदामच होतं. मी मास्क खाली ओढला. तूर दाढेखाली धरली, डोळे मिटले आणि चावली. माझ्या कानात तर फटाका फुटल्यासारखं झालं. डोळे उघडले तर सगळे तसेच बसलेले. एकाच्याही चेहऱ्यावर काही नाही. "आई," पोरगी दबक्या आवाजात म्हणाली, "आपल्याकडचा आवाज बंद होता. परत चाव." जन्मात पहिल्यांदा परक्या पुरुषांसमोर तोंड उघडलं, आणि ते कुणाला ऐकूच गेलं नाही! मला रडू यायचं ते हसू आलं, खुदकन, सगळ्यांसमोर. मग दुसरी तूर घेतली. कट्.

"वाह," हैदराबादचे शेठ म्हणाले, "सूखी है. और एक बार, भाभीजी, जरा नजदीक से."

मग मी थांबलेच नाही. एका पोत्यातली झाली की दुसऱ्यातली. सुकी तूर कशी तुटते आणि ओली कशी दबते हे सांगायला लागत नव्हतं, आवाजच सांगत होता. मधल्या थप्पीतल्या एका पोत्यातली तूर दाढेखाली मुकाट चेपली, तेव्हा ते विचारायच्या आत मीच म्हणाले, "ही ओली हाय. हिला दोन उन्हं पायजेत. बाजूला काढते." मला वाटलं, आपलाच माल नावं ठेवून घालवला. तेवढ्यात काकांचं कपाळ खाली सरकलं आणि पहिल्यांदा त्यांचा अख्खा चेहरा दिसला.

"दोन उन्हं," ते म्हणाले. "सूनबाई, ह्ये बोल म्या तुमच्या सासऱ्याकडनं, शेठकडनं ऐकलेत. अगदी ह्येच. आमी माल कसा हाय इचारायचो, तर शेठ काय बोलायचे न्हाईत. ताटलीत मूठभर तूर घालून आत धाडायचे, म्हनायचे, 'थांबा, जरा आतून विचारून सांगतो.' मग चहा यायचा. चहा आला की शेठ सांगायचे, ही ओली हाय, ही गेल्या सालची मिसळलेली हाय. कधी चुकले न्हाईत. आमाला वाटायचं, देवघरात देवीआईला कौल लावतेत. मोंढ्यात समद्यांना तसंच वाटायचं."

मी उभी होते ती पोत्यावर बसले. ती ताटली मला माहीत होती. पितळेची, काठाला पोचा पडलेली. सासूबाई ती घेऊन चुलीपाशी यायच्या आणि म्हणायच्या, "बघ गं, शिजायला कशी हाय. माझे दात गेलेत." मी तामलवाडीची, खळ्यावर तुरी खातच वाढलेली. मला वाटायचं घरात रांधायची डाळ निवडतायत. मी चुलीतला जाळ सारता सारता एक दाणा तोंडात टाकायची आणि सांगायची, ओली हाय, जुनी हाय, चांगली हाय. मग चहा गाळून द्यायची. तो चहा त्या बाहेर घेऊन जायच्या. रोज, कधी दिवसातून चारदा. एवढ्याशा घराला एवढी डाळ कशाला लागते, हा प्रश्न मला एकदाही पडू नये? मी स्वतःलाच विचारते आणि स्वतःचाच राग येतो. आतला आवाज बाहेर येऊ द्यायचा नाही म्हणालात, आणि रोज तोच आवाज चहाबरोबर बाहेर नेऊन त्यावर सौदे केलेत. मोंढ्यात तुमचं नाव होतं, शेठची पारख म्हणून. माझी दाढ होती ती, मामंजी.

त्याच बैठकीत गोदामातला निम्म्याहून जास्त माल उठला. पास काढलेले ट्रक आले, हमालांच्या घरी चूल पेटली. बाकीचा माल पुढच्या आठवड्यात तसाच गेला, माझ्या चावण्यावर. मोंढ्याला कुलूप आणि आपला धंदा चालू. पोरगी आनंदानं नाचत होती. मी मात्र रात्री पाटल्या काढून हातात घेऊन बसले. आठवतात ना तुम्हाला? एका दिवाळीला वेगळं बिऱ्हाड केलेल्या दोन्ही जावांना नुसती लुगडी आणि मला सोन्याच्या पाटल्या. तुम्ही पडद्याआडून म्हणाला होता, "सूनबाईला द्या." माझ्या आईनं गावभर सांगितलं, सासऱ्याची लई माया हाय पोरीवर. मीही तेच धरून बसले, तुमचा धाक वाटला तरी माया आहे म्हणून सगळं सोसलं. आता कळत नाही. ती माया होती की माझ्या दाढेची आडत, दलाली होती? दोन्ही असेल. पण एकदा सांगायचं होतं. सांगून पाटल्या दिल्या नसत्या तरी चाललं असतं.

हे घरी आले ते निम्मे होऊन आले. पायऱ्या चढताना कठड्याला धरायचे. त्यांना गोदाम दाखवलं, मोकळं, झाडून घेतलेलं. ते दारातच बसले आणि लहान पोरासारखे रडले. त्यांना भाकरी कुस्करून देताना मी सगळं सांगितलं, काकांचं बोलणं, ताटली, कौल. मला वाटलं त्यांनाही माझ्यासारखाच धक्का बसेल. ते खाली बघून खात राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सासूबाई गेल्यावर ती ताटली हेच आणायचे. "जरा बघ, शिजंल का" म्हणून. मी विचारलं, "तुमाला ठावं होतं?"

"व्हय," ते म्हणाले. आणि मग अगदी खरेपणानं, "मला वाटलं, तुला ठावं हाय."

मामंजी, तुमच्याबद्दल कळलं तेव्हा मी पोत्यावर बसले होते. हे ऐकलं तेव्हा बसायलाही काही सापडलं नाही. ह्या माणसाशी मी भांडूही शकत नव्हते, दवाखान्यातून जिवंत परत आलेला, बोलताना धाप लागणारा. आणि खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटलं होतं, की मी सगळं समजून उमजून पडद्याआड बसले आहे. म्हणजे मी किती मुकाट राहिले असेन, की मुकाटपणालाच माझी संमती समजलं गेलं.

पुढच्या मीटिंगला हे गादीवर बसले. त्यांनीच मला हाक मारली, "ये, हितं बस, तुला बघायचं असतंय त्यांना." मी शेजारी बसले. गादी मऊ असते हे मला तेव्हा कळलं. हैदराबादच्या शेठनी नव्या मालाचं विचारलं. ह्यांनी तूर हातात घेतली, खालीवर केली, आणि सवयीनं तोंडातून गेलं, "एक मिनिट, आतून विचारून सांगतो." मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसले होते. चौकोनातल्या सगळ्यांना मी दिसत होते. कुणी हसलं नाही. मी ह्यांच्या तळहातावरचा एक दाणा उचलला.

"आत कुनी न्हाय," मी म्हणाले. "म्या हितं हाय."

आवाज थरथरला, पण बाहेर गेला. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग फोन माझ्या बाजूला फिरवला. त्या दिवशीचा भाव मी बोलले. आता मोंढा कधीचाच उघडलाय, माणसं येतात जातात, तरी लांबचे सौदे फोनवरच होतात. काका तर म्हणतात, "कशाला सोलापूरहून धूळ खात येऊ? तुमी चावा, म्या ऐकतो." पोरगी परत पुण्याला गेली, पण आठवड्यातले दोन दिवस अजून घरूनच काम करते.

मोंढ्यातली जुनी माणसं भेटली की हमखास म्हणतात, आज शेठ पाहिजे होते हे बघायला. मी हो म्हणते. तुम्हाला मात्र खरं सांगते, मला तसं वाटत नाही. हे पत्र पोचण्याची सोय असती तर मी लिहिलंच नसतं, आणि लिहून झालं की चुलीत घालणार आहे. कारण तुम्ही असता, तर आज पुढच्या खोलीत येऊन नुसते खाकरला असता. आणि एवढं सगळं होऊनही, मामंजी, मी गादीवरून उठून चहा टाकायला गेले असते.