सरकारमान्य भरवसा

४ मार्च २०१९
आपले पितळी नळ दुबईला जातात. दर खेपेला न्हावा-शेवाच्या बंदरात कस्टम्सवाले कंटेनर उघडून बसतात, माल रखडतो आणि तिथले आपले गिऱ्हाईक हाशमी चिडतात. आज कळलं, सरकारची योजना आहे. ‘भरवशाचा व्यापारी’ असं सर्टिफिकेट मिळालं की कंटेनर सहसा उघडत नाहीत. ही योजना माझ्याकडे बघूनच काढलेली दिसते. अनसूया म्हणाली, अर्ज मी भरते, तुम्ही फक्त गोदाम आवरा. नवऱ्याची पात्रता बायकोला शेवटी कळते.

९ मार्च
गोदाम उद्या. आधी सिक्युरिटी. वॉचमन पुंडलिकला बजावलं, पासशिवाय आत कुणी नाही. तो व्हय म्हणाला. माणूस घडवावा लागतो.

११ मार्च
पुंडलिकनं पाण्याचा टँकर परत पाठवला. ड्रायव्हर रामकिसनकडे पास नव्हता. चिकलठाण्यात आधीच पाण्याची बोंब. कामगार हात धुवायला शेजारच्या कारखान्यात. रामकिसनला फोन केला, तर तुमचं पाणी नव्या अपार्टमेंटवाल्यांना दिलं म्हणाला. अनसूयानं रामकिसनच्या नावानं पास लिहिला. सिस्टिम पटली असावी.

२ एप्रिल
कस्टम्सचे दोन अधिकारी तपासणीला येणार होते. मी कोट घालून केबिनमध्ये वाट बघत होतो. ते मागच्या बाजूनं, गोदामातून आले. बराच वेळ आतच फिरत होते म्हणे, कुणी हटकलं नाही. पुंडलिकला विचारलं. म्हणाला, लई साधी माणसं वाटली साहेब, म्हणून अडवलं नाय. मी अधिकाऱ्यांना सांगितलं, आमच्याकडे वातावरण मोकळं असतं. त्यांनी ते लिहून घेतलं. चांगलं लक्षण.

३ एप्रिल
लक्षण चांगलं नव्हतं. अनसूयानं अधिकाऱ्यांकडून सुधारणेसाठी मुदत मागून घेतली. गेट, कॅमेरे, पुंडलिक, सगळं आता ती बघणार. मी धोरण ठरवणार.

१८ जून
सर्टिफिकेट आलं! केबिनमध्ये लावलं. अनसूया माहेरी जळगावला चाललीय. जाताना म्हणाली, पहिला कंटेनर सुपरवायझर सोमनाथला भरू द्या. मी म्हणालो, सरकार भरवसा ठेवतं आणि तू ठेवत नाहीस. तिची बस निघाली.

२० जून
सकाळी गोदाम आवरलं, एकदाचं. सगळी खोकी एका रांगेत लावली, मग उभं राहून कंटेनर भरून घेतला. सोमनाथ मधेमधे काही सांगत होता. पाऊस नाही, माणसं चिडचिडी झालीत. त्याला गप्प केलं. सील लावलं.

२४ जून
कंटेनर उघडलाच नाही. थेट जहाजावर. पेढे वाटले. सोमनाथनं घेतला नाही. शुगर असेल.

६ जुलै
हाशमींचा फोन. निम्म्या खोक्यांत गळके नळ निघाले, भंगारात जायचे ते. सोमनाथ म्हणतो, रांगेत लावताना तुम्हीच मिसळले, तेच सांगत होतो. माझ्या मते कस्टम्सनं भरवसा ठेवायला जरा घाई केली.
हाशमी आपल्याकडून माल घेणं सोडणार होते. जळगावहून परतलेली अनसूया त्यांच्याशी तासभर बोलली. पुढची ऑर्डर मिळेल, पण एकेक खोकं बाईंनी स्वतः बघितलं तरच. गोदामाची किल्ली तिनं मागितली. दिली.

१५ जुलै
ऑर्डर आली. अनसूयानं मला पॅकिंगच्या टेबलावर बसवलं. नळ पुसायचा, कागदात गुंडाळायचा, खोक्यात ठेवायचा. सोपं आहे. सोमनाथ शेजारी उभा होता. दुपारी अनसूयानं माझी सगळी खोकी उघडून बघितली. संध्याकाळी पहिली दोनच बघितली. बाकीची तशीच जाऊ दिली.