कोकिळेच्या फोटोखालचं नाव

अहो,

मी पहिल्या एस.टी.नं कराडला चाललेय. भाकरी दुरडीत आहे, दूध तापवून ठेवलंय. मांजराला परसात सोडू नका, जास्वंदीतली बुलबुलाची पिल्लं आज-उद्या उडतील.

काल तिथल्या वाचनालयाच्या प्रदर्शनात आपल्या परसातल्या पाखरांचे सगळे फोटो तुमच्या नावानं लागलेले बघितले. कॅमेरा तुमचा, कबूल. पण वाळत घातलेल्या चादरीआड तो धरून हात भरून येईपर्यंत उभं कोण होतं? तुम्ही तर तेव्हा कॉलेजात शिकवत होता.

त्यात पपईवरच्या ठिपकेवाल्या पाखराखाली तुम्ही ‘पावशा’ लिहिलंय. ती कोकिळा आहे, मादी. फोटो धुऊन आले तेव्हाच सांगितलं होतं, पण तुम्ही पेपरातून मान वर केली नाहीत. काळा असतो तो नर, आणि कुहूकुहू गातो तोही तोच. तरी लोक म्हणतात, कोकिळा गाते. त्यांच्यात नवऱ्याचं श्रेय बायकोला जातं. आपल्या घरात उलटं झालं.

डिंकाची बाटली आणि कागदाच्या पट्ट्या मी नेतेय. ‘पावशा’वर ‘कोकिळा’ चिकटवणार आहे आणि तुमच्या नावावर माझं. ग्रंथपालांनी हटकलं तर सगळ्यांसमोर सांगेन.

काल परतताना गाडीत तुम्हीच म्हणालात, “नाव कुणाचं का असेना, घर तर एकच आहे ना?” उद्या कॉलेजात कुणी विचारलं, तर त्यांनाही हेच सांगा.

प्रियदर्शनी