छातीवरची चकती

४ जून

माझी शिवणाची टोपली कोचावरून खाली कोणी ठेवली? विचारलं तर सगळे छताकडे बघतात. टोपलीच्या जागी जावयाची पिशवी. ऐसपैस, पाहुण्यासारखी! त्याची नोकरी सुटली म्हणून लेक, जावई, नात आमच्याकडे राहायला आली, त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. पण म्हणून माझ्या सुया जमिनीवर?

पिशवीत चकत्या. नाण्याहून मोठ्या, काळ्या, मध्ये सोनेरी फूल. फोनच्या पाठीला चिकटवायच्या. फोनमधून किरणं निघतात, डोक्यात शिरतात, चकती ती पिऊन टाकते — असं जावई सांगतो. मागे गादी विकायचा. तिने माझी पाठ बरी होणार होती. पाठ आहे तशीच आहे, गादी मात्र बसली.

५ जून

जेवणं झाल्यावर खेळ झाला. जावयाने दिवे लागणारं एक खोकं आणलंय. फोनजवळ नेलं की किंचाळतं, चकती लावली की गप्प. लेक डोळे विस्फारून बघत होती. आमचे हे तर टाळ्या वाजवायचेच बाकी होते. मी मिक्सर लावला, खोकं तिथेही किंचाळलं. विचारलं, याला कुठे चिकटवू? मग म्हटलं, बरं, फोनची चकती काढ आणि पुन्हा लाव, माझ्या डोळ्यांसमोर. तर म्हणे बॅटरी उतरली, आई.

हसतो छान. तेवढं कबूल.

लेकीला रोज कोणीतरी फोनवरच पाठवतं, फोनमुळे काय काय होतं ते. ती ते फोनवरच वाचते, फोनवरच घाबरते आणि फोनवरच पुढे पाठवते. फोन लांब ठेवला असता तर निम्मं दुखणं तिथेच गेलं असतं.

९ जून

आज डोकं फिरलं माझं.

यांच्या छातीत पेसमेकर बसवला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं — फोन वरच्या खिशात नाही, यंत्रापासून वीतभर लांब, बोलायचं उजव्या कानाने. इतके दिवस ऐकत होते. आज बघते तर फोन सदऱ्याच्या डाव्या खिशात! पाठीला चकती. मी बोलले तर मलाच समजावतात, "अगं, आता चकती आहे ना. आता कसली भीती?"

म्हणजे भीती होती तोवर माणूस शहाणा होता. जावयाने घरात धीर आणला आणि यांची अक्कल चरायला गेली.

१० जून

अबोला धरलाय. यांना तेच हवं होतं बहुतेक. सकाळी बागेत त्यांच्या टोळीबरोबर फिरून आले, ते शीळ घालतच. टोळी म्हणजे यांच्यासारखेच छातीत यंत्र घेऊन फिरणारे. एकमेकांचे टाके दाखवून ओळखी झाल्यात.

१३ जून

अबोला मोडावा लागला. न्हाणीघराच्या दारात भिंत धरून उभे होते. चेहरा पांढरा. छातीत कोणीतरी धावतंय म्हणाले. मी बसवलं, सदरा काढला, वारा घातला. जरा वेळाने उतरलं. लेक म्हणाली ऊन लागलं. जावई म्हणाला बाबा पाणी कमी पितात. सदरा चढवून चहा प्यायला बसले आणि पुन्हा तेच.

मग लेकीची रडारड. समोरच्या गच्चीवर टॉवर आहे, त्याची किरणं लागली, घर बदलू. जावई म्हणाला बाबांच्या फोनला दोन चकत्या लावू. मी म्हटलं, आधी दवाखाना. उद्या सकाळची वेळ मिळाली आहे.

दुसरी चकती लावलीच त्याने. मी भाजी परतत होते तेवढ्यात.

१४ जून

निघताना यांच्या सदऱ्याचं बटण लोंबत होतं. फोन खिशात तसाच. म्हटलं दोन टाके घालू. सदरा मांडीवर घेतला, टाचण्यांची डबी उघडली — आणि टाचण्या उडाल्या! सरळ खिशावर. खिसा साळिंदरासारखा दिसायला लागला. मी तिसरीपर्यंत शिकले, पण लोहचुंबक कळायला तेवढं पुरतं.

फोन डब्यात घातला आणि डबा माझ्या पिशवीत. यांच्यापासून लांब धरून चालले. रिक्षातही यांना एका टोकाला बसवलं. म्हणतात, "मी काय उष्टा आहे का?"

यंत्र तपासणारी बाई पोरसवदा. तिने चकती टेबलाच्या पत्र्यावर ठेवली, ती टपकन चिकटली. मला नीट समजेल असं बोलली. म्हणाली, "आजी, चुंबक जवळ आलं की यंत्र हृदयाचं ऐकणं सोडतं. आपल्याच ठेक्यात ठोके देत बसतं. चुंबक काढलं की ताळ्यावर येतं." वाचले म्हणाली. घरी उठता-बसता पडले असते, किंवा त्याहून वाईट.

मी किरणांचं विचारलं. तिने आडपडदा ठेवला नाही. फोनच्या किरणांनी आजार होतो असं अजून पक्कं सापडलेलं नाही, शोध चालू आहेत, काळजी वाटत असेल तर फोन अंगापासून लांब ठेवा, स्पीकरवर बोला. एवढंच. हे एवढंच कोणी आमच्या घरात येऊन आधी का सांगितलं नाही? जे पक्कं नाही त्याची बोंब गल्लीभर. जे पक्कं आहे त्याचा कागद कुठे? त्या तपासणीच्याच खोलीत, दाराच्या मागे! "पेसमेकर असलेल्यांनी फोन आणि चुंबक लांब ठेवावे." दार दिवसभर उघडं, कागद भिंतीकडे तोंड करून. मी दार लावलं. बाई म्हणाली, असू दे उघडं, वारा येतो.

१५ जून

नातीने चकतीचं पाकीट आणलं. मागे मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. तिने फोनने फोटो काढला, मोठा केला, वाचून दाखवलं. शेवटची ओळ — हृदयाचं यंत्र बसवलेल्यांनी वापरू नये. त्यावर किमतीचा कागद डकवलेला होता, तो तिने नखाने सोलला. आजोबांच्या जिवाची ओळ किमतीखाली.

जावयाला समोर बसवलं. विचारलं, तू हे वाचलं होतंस? 

"वाचलं होतं, आई."

मग मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. नात खोलीत होती, तेवढं भान नव्हतं मला. तो सांगत राहिला — बाबांना मी दिलीच नव्हती, त्यांनी स्वतः चिकटवली, मी विकताना प्रत्येकाला यंत्राचं विचारतो, दोघांना परत पाठवलं. आणि दुसरी? ती तर तूच चिकटवलीस ना, माझी पाठ वळल्यावर? घाबरलो होतो म्हणाला, बाबांची एक आधीच होती, तिने काही झालं नाही असं वाटलं. वाटलं!

पिशवी मी स्वतः उचलून जिन्यात ठेवली. लेक आडवी आली. "आई, तो आधीच हरलाय गं."

"हरलेल्याने दुसऱ्याच्या छातीवर उभं राहू नये," म्हटलं मी.

लेक म्हणाली, मग उद्या आम्हीही निघतो. नातीची शाळा, कुठे राहणार, काही ठरलेलं नाही. निघतो म्हणजे निघतो. माझाच हट्ट तिच्यात उतरलाय, दोष कोणाला देऊ?

हे सबंध वेळ गप्प. एरवी जावयाची बाजू घेऊन माझ्याशी भांडले असते.

१६ जून

लेक सामान बांधत होती, तेव्हा यांचं तोंड उघडलं. पिशवीतून चकत्या यांनीच काढल्या. जावयाला न विचारता. बागेतल्या टोळीला वाटल्या — जावयाचं नाव व्हावं म्हणून. घरचा माल आहे, खुशाल वरच्या खिशात ठेवा, असं वर सांगितलं. सगळे यंत्रवाले! दवाखान्यातून आल्यापासून यांना कळत होतं. तरी काल जावयाला माझ्या शिव्या खाऊ दिल्या.

मी पिशवी जिन्यातून आत आणली. लेकीच्या हातातलं सामान काढून घेतलं. जावयाने तेव्हापासून एकेकाला फोन लावलाय, काढा म्हणून सांगितलंय. बाकीच्यांनी काढल्या. टोळीतले निवृत्त मास्तर तेवढे उचलत नाहीत.

लिहितेय तोवर फोन वाजला. मास्तरांच्या घरून. यांचाच फोन, टेबलावर. जावयाने हात पुढे केलाय.

तू बस. अहो, तुम्ही उचला.