दोनशे डॉलरच्या आतली दुर्बीण

२० सप्टेंबर, शनिवार
तिसरीही परत केली! दुकानाच्या दारात उभा राहून समोरच्या चाऱ्याच्या गिरणीची पाटी वाचायची, ही माझी परीक्षा. तिन्ही नापास. गल्ल्यावरच्या बर्नाडीनने हूं की चूं न करता चौथी दुर्बीण काढून दिली. तीस वर्षं माझ्यासारखी गिऱ्हाईकं बघून ती निबर झालीय.

दोनशे डॉलरच्या वर जायचं नाही, हे ठरलेलं. बंदूक वडिलांची. बंदुकीपेक्षा तिच्यावरची दुर्बीण महाग, हे मला पटत नाही.

२४ सप्टेंबर
चौथी. भर दुपारी बरी. दिवस कलला की सगळं दुधात बुडवल्यासारखं. आणि हरणं तर तेव्हाच बाहेर पडतात. हल्ली वस्तूच अशा बनवतात, दुसरं काय!

आर्डिसने, माझ्या बायकोने, ॲपल पाय भाजला होता. दोन तुकडे खाल्ले. राग गेला.

२८ सप्टेंबर, रविवार
चर्चच्या जेवणाला डेल्मार दिसला. माझा मेहुणा, आर्डिसचा धाकटा भाऊ. दूरच्या टेबलावर बसला. बसू दे.

तीन वर्षांपूर्वी त्याने माझी बंदूक आठवडाभर नेली. त्याच नोव्हेंबरात शिंगांना आठ टोकं असलेला हरणाचा नर चाळीस पावलांवर उभा होता आणि मी चुकलो. मी! आमच्या शिकारीच्या केबिनचा नियम जुना आहे – ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाची मागची पट्टी कापायची, नाव आणि साल घालून भिंतीवर ठोकायची. वडिलांच्या दोन आहेत. एक्केचाळीस वर्षांत माझी एकही नाही. मी सरळ सांगितलं, दुर्बीण धूसर झालीय, डेल्मारने पाडली असणार, कापायचा तर त्याचा शर्ट कापा.

"मी पाडली नाही, हार्लन," तो म्हणाला. एकदाच. बाकीच्यांनी हसत हसत कात्री चालवली. तो हलला नाही.

त्यानंतर केबिनवर आला नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाला आमच्याकडे जेवायला येतो, बटाटे इकडे दे म्हणतो, संपलं. आर्डिस मला काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

४ ऑक्टोबर, शनिवार
पाचवी नापास. सहावी डोळ्याला लावून दारात उभा होतो. बटणं घ्यायला आलेली आर्डिस मागे थांबलेली. कंटाळून तिने दुर्बीण हातातून घेतली आणि गिरणीचा फोन नंबर घडाघडा वाचून दाखवला. खाली बारीक अक्षरात रविवारी बंद लिहिलंय, तेही.

"आता डाव्या डोळ्याने बघ," बर्नाडीन म्हणाली.

बघितलं. रविवारी बंद.

येताना गाडी आर्डिसने चालवली.

९ ऑक्टोबर
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. चांगला पिकलाय म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन-चार वर्षं तरी झाली असतील. मी छतावरचे दिवे मोजत बसलो.

२१ ऑक्टोबर
झालं ऑपरेशन. वीस मिनिटं! घाबरलो होतो, हे इथे लिहायला हरकत नाही.

१ नोव्हेंबर
आर्डिसचा स्वेटर उजव्या डोळ्यालाही निळा! इतके दिवस त्या डोळ्याला राखाडी दिसायचा. बघतच राहिलो, तर म्हणते, काय सांडलंय का अंगावर?

बर्नाडीनकडे गेलो. सातवी दुर्बीण, एकशे एकोणसत्तर डॉलर. गिरणीच्या पाटीवरचा गंजसुद्धा दिसला. लगेच पैसे दिले. पावती फाडताना म्हणाली, "सप्टेंबरात पहिली परत केलीस ना, तीच ही." सगळं दुकान हसलं. मीही हसलो. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाईंनी बंदूक चालवायला हो म्हटलं. खडीच्या खाणीत पाच गोळ्या झाडल्या. पाचही तळहाताएवढ्या जागेत. येताना सॉसेज घेतले, मोहरी लावून गाडीतच खाल्ले. पुढच्या शनिवारी शिकारीचा मोसम सुरू!

१६ नोव्हेंबर, रविवार
तीन वर्षांपूर्वीची ती जुनी दुर्बीण टाकून द्यायला म्हणून खणातून काढली. मोज्यात गुंडाळून ठेवली होती. टाकायच्या आधी, उगाच, खिडकीतून बघितलं. शेजारच्या कोठारावरचा खिळा न् खिळा दिसला. तिन्हीसांजेला. दुधाचा एक थेंब नाही.

डाव्या डोळ्याने बघितलं. तसंच.

खुर्चीत बसून राहिलो. लाज वाटली, दुसरा शब्द नाही. आर्डिस जेवायला हाक मारायला आली, तिने माझ्या हातातली दुर्बीण बघितली आणि ताट झाकून ठेवलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
आर्डिसच्या कात्रीने माझ्या लाल चौकड्यांच्या शर्टाची पट्टी मीच कापली. माझं नाव घातलं, साल तीन वर्षांपूर्वीचं. केबिनवर सगळ्यांदेखत डेल्मारची पट्टी काढली, त्याच खिळ्यावर माझी ठोकली. कोणी हसलं नाही. तसाच त्याच्या दारी गेलो. बोलायचं पाठ करून गेलो होतो. पण नुसती त्याची पट्टी पुढे केली. त्याने ती उलटसुलट करून बघितली. मग म्हणाला, "शिवून कोण देणार, तू?" आणि शिकारीचे बूट आणायला आत गेला.